साइटवर परांचीवरून पडलेल्या भावाची भरपाई: ठेकेदार स्टँपपेपरवर सही मागतोय

नदीकाठ

नमस्कार मंडळी. आतेभावासाठी विचारतोय. तो सेंट्रिंगचा सुतार, वय ३५. सप्टेंबर २०२५ मध्ये तिसऱ्या मजल्याच्या बाहेरच्या अंगाला प्लेटा काढताना परांचीची फळी एका टोकाने निसटली आणि तो थेट खाली आला. पाठीचा मणका मोडला, उजव्या टाचेच्या हाडाचा चुरा झाला. मणक्यात स्क्रू बसवले. जीव वाचला, पाय हलतात, एवढं तरी दैवाने राखलं. आता काठी घेऊन घरातल्या घरात चालतो. उकिडवं बसता येत नाही, थोडा वेळ उभा राहिला की पाठ धरते.

दवाखान्याचं बिल लेबर ठेकेदाराने भरलं. घरी आणल्यावर मात्र त्याने फोन उचलणं बंद केलं. परवा मुकादम घरी आला तो पाचशेच्या स्टँपवर टाइप केलेला मजकूर घेऊनच. 'दोन लाख रुपये रोख मिळाले, अपघात माझ्याच निष्काळजीपणामुळे झाला, यापुढे माझा किंवा माझ्या वारसांचा कसलाही हक्क राहिला नाही.' घरात आधीची उचल फिटलेली नाही, मुलं शाळेत जाणारी. भाऊ सही करायच्या बेतात होता. वहिनीने मला फोन लावला म्हणून कागद तूर्त तसाच पडून आहे.

नेमणुकीचं पत्र नाही. हजेरी ९०० रुपये, दर शनिवारी मुकादमाच्या हातून रोख. बिल्डर म्हणतो हा आमचा माणूसच नाही, लेबर ठेकेदाराला विचारा. ठेकेदार म्हणतो बेल्ट दिला होता, यानेच लावला नाही. जिल्हा रुग्णालयाने अपंगत्वाचा दाखला ४० टक्क्यांचा दिलाय. ठेकेदाराचा माणूस म्हणतो, ४० टक्क्यांना कोर्टात काही मिळत नाही. हे खरं आहे का? कुठे जायचं?

रानवाट

सही करू नका. बाकी जाणकार सांगतीलच, पण तोपर्यंत त्या कागदाचा मोबाइलवर स्पष्ट फोटो काढून ठेवा. दोन लाख द्यायला तयार होता याचा अर्थ माणूस आपला होता हे त्याला मान्य आहे.

तळटीप

रानवाट यांचा मुद्दा पक्का आहे. तो कागद ठेकेदाराला वाटतो तितका त्याच्या कामाचा नाही, उलट तुमच्याच कामाचा आहे. मी कामगारांची प्रकरणं चालवतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमच्या भावाला लागू होतो तो कर्मचारी नुकसानभरपाई कायदा, १९२३. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्या आणि हा विषय सामाजिक सुरक्षा संहितेत गेला. पण भरपाईचा हक्क अपघाताच्या दिवशी जन्माला येतो. अपघात सप्टेंबरातला, म्हणजे हिशोब जुन्या कायद्यानेच. कुणी 'तो कायदा आता रद्द झाला' म्हणून घाबरवलं तर घाबरू नका.

बिल्डरचं 'आमचा माणूस नाही' हे उत्तर या कायद्यापुढे टिकत नाही. कलम १२ सांगतं की जो आपल्या धंद्याचं काम ठेकेदाराकडून करून घेतो, तोही ठेकेदाराच्या मजुराला भरपाई द्यायला बांधील आहे, जणू तो त्याचाच मजूर. अट एवढीच की अपघात त्याच्या ताब्यातल्या जागेत किंवा तिच्या आसपास झालेला हवा. बिल्डरने ते पैसे नंतर ठेकेदाराकडून वसूल करावेत, तो त्यांचा आपसातला व्यवहार. म्हणून अर्जात बिल्डर, लेबर ठेकेदार आणि विमा असेल तर विमा कंपनी, सगळ्यांना सामनेवाले करायचं. एकट्या ठेकेदारावर दावा लावून तो गाव सोडून गेला की माणूस निकालाचा कागद हातात धरून बसतो.

आता तो स्टँपपेपर. कलम १७ प्रमाणे मजुराने आपला भरपाईचा हक्क सोडल्याचा कोणताही करार रद्दबातल आहे. पाचशेचा स्टँप असो की पाच हजाराचा. तडजोड करायचीच असेल तर तिची नोंदणी आयुक्तांकडे, म्हणजे या कायद्याखाली भरपाईचे दावे ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे, व्हावी लागते, कलम २८. रक्कम अपुरी वाटली, दबावाने सही घेतली असं दिसलं तर आयुक्त नोंदणी नाकारू शकतात. नोंदणी न केलेल्या तडजोडीवर मालकाची सुटका होत नाही.

मग सही का नको? कारण त्यात 'माझ्या निष्काळजीपणामुळे' हे वाक्य आहे. हक्क त्याने जात नाही, पण उलटतपासणीत तेच वाक्य पुढे करतील आणि प्रकरण विनाकारण लांबेल.

नदीकाठ

तळटीपसर, मनापासून आभार. वहिनीला फोनवर वाचून दाखवलं. एक विचारतो, त्याने भरलेलं दवाखान्याचं बिल भरपाईतून कापून घेतील का? तो म्हणतो साडेतीन लाख आधीच दिलेत.

तळटीप

नाही. उपचारासाठी मालकाने दिलेला पैसा भरपाईत धरायचा नाही असं कलम ४ मध्येच स्पष्ट लिहिलंय. २००९ च्या दुरुस्तीनंतर उपचाराचा प्रत्यक्ष खर्च देणं ही त्याची वेगळी जबाबदारी आहे. तुम्ही खिशातून केलेला औषधं, पट्टा, फिजिओथेरपी, तपासण्या हा खर्चसुद्धा मागता येतो. मेडिकलची बिलं फेकू नका.

ओळंबा

मी बरीच वर्षं साइट सुपरवायझर होतो. पुराव्याबद्दल लिहितो, कारण 'कागदच नाही' म्हणून माणसं आधीच हात टेकतात. मजुराकडे कागद नसतो, साइटवर मात्र भरपूर असतो.

मुकादमाची हजेरीची वही असते, छोटी लांबट, एका ओळीला एक नाव, पुढे टिका किंवा 'अर्धा'. ती तो देणार नाही. पण त्याच वहीवरून लेबर ठेकेदार बिल्डरकडे माणसांची संख्या लावतो, ती बिलाला जोडलेली असते. गेटवर वॉचमनचं रजिस्टर असतं. मोठ्या साइटवर सेफ्टीची सकाळची बैठक होते, तिथे मजुरांच्या सह्या किंवा अंगठे घेतात. हेल्मेट-बूट दिल्याचं रजिस्टर असतं. ठेकेदार 'बेल्ट दिला होता' म्हणतोय ना? मग ज्या रजिस्टरवर बेल्ट दिल्याची सही आहे ते कोर्टात मागवा. ते हजर केलं तर भाऊ तिथे कामाला होता हे त्यानेच सिद्ध केलं, आणि नाही केलं तर बेल्ट दिल्याचं सिद्ध होत नाही.

बहुतेक चांगले बिल्डर लेबर ठेकेदाराकडून मजुरांच्या विम्याची, म्हणजे डब्ल्यूसी पॉलिसीची प्रत घेतल्याशिवाय पहिलं बिल सोडत नाहीत. सरकारी कामात तर ती निविदेचीच अट असते. त्यामुळे पॉलिसीची प्रत बिल्डरच्या ऑफिसात फाइलला असण्याची शक्यता मोठी. ठेकेदार बऱ्याचदा कमी माणसांची पॉलिसी काढतो, म्हणून तो विमा कंपनीला कळवायला टाळतो. तुम्ही स्वतः लेखी विचारा.

भावाच्या मोबाइलमध्ये मुकादमाचे व्हॉइस मेसेज असतील, 'उद्या लवकर ये, स्लॅब आहे' असले. साइटवरचे फोटो असतील. फोन बदलू नका, विकू नका, रिसेट करू नका.

सगळ्यात घाईचं काम म्हणजे सोबतची माणसं. परांचीवर त्याच्यासोबत कोण होतं? ही मंडळी साइट संपली की पांगतात, नंबर बदलतात. त्यांची गावाकडची नावं-पत्ते आज लिहून घ्या, साक्षीचं नंतर बघू.

कोरडवाहू

ओळंबा यांनी लिहिलं त्यात भर. दवाखान्यात दाखल करताना एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायच्या केसची नोंद, झाली होती का ते बघा. 'साइटवर काम करताना उंचावरून पडून' असं केसपेपरवर असेल तर फार मोठी गोष्ट. ठेकेदाराची माणसं कधीकधी 'घरी जिन्यावरून पडला' असं सांगून दाखल करतात, पोलिसांची कटकट नको म्हणून. तसं असेल तर आत्ताच कळलेलं बरं.

नदीकाठ

केसपेपर काढला. पहिल्या पानावर 'बांधकामाच्या ठिकाणी तिसऱ्या मजल्यावरून पडून' असं आहे आणि एमएलसी नंबरही आहे. पोलिसांत पुढे काय झालं कुणालाच माहीत नाही. जबाब घ्यायला एकदा हवालदार आले होते म्हणे, भाऊ तेव्हा गुंगीत होता.

तळटीप

पोलीस ठाण्यात एमएलसी नंबर देऊन लेखी अर्ज करा: जबाब नोंदवा, पंचनाम्याची प्रत द्या. गुन्हा दाखल होवो न होवो, भरपाईचा दावा त्यावर अडत नाही, दोन्ही वाटा वेगळ्या. पण पंचनाम्यात परांचीची अवस्था लिहिलेली असेल तर तो कागद लाखमोलाचा.

हिशेबनीस

आकडे मांडतो, म्हणजे दोन लाखांची किंमत कळेल. तळटीपसर, चुकलं तर दुरुस्त करा.

कायमचं पूर्ण अपंगत्व असेल तर मासिक वेतनाच्या ६० टक्के गुणिले वयाचा गुणांक. मृत्यू असेल तर ५० टक्के गुणिले तोच गुणांक. गुणांक चौथ्या अनुसूचीत आहेत: वय २५ ला २१६.९१, ३० ला २०७.९८, ३५ ला १९७.०६, ४० ला १८४.१७, ५० ला १५३.०९. वेतन कितीही असलं तरी हिशोबाला जास्तीत जास्त १५,००० धरतात. ही मर्यादा ३ जानेवारी २०२० पासूनची, त्याआधी ८,००० होती.

भावाची हजेरी ९००, महिन्याला २६ दिवस धरले तर २३,४००. म्हणजे धरायचे १५,०००. त्याचे ६० टक्के ९,०००. गुणिले १९७.०६ म्हणजे १७,७३,५४० रुपये. हे कमाईची ताकद शंभर टक्के गेली तर. ४० टक्के धरली तरी ७,०९,४१६ होतात. '४० टक्क्यांना काही मिळत नाही' म्हणणाऱ्याला हा आकडा दाखवा.

शिवाय व्याज. देय झाल्यापासून महिन्याच्या आत दिलं नाही तर वर्षाला १२ टक्के सरळ व्याज, आणि उशिराला सबळ कारण नसेल तर मूळ रकमेच्या ५० टक्क्यांपर्यंत दंड. ४० टक्क्यांच्याच रकमेवर वर्षाचं व्याज ८५ हजारांच्या वर जातं.

तळटीप

हिशोब बरोबर आहे. दोन गोष्टी जोडतो. रक्कम 'देय' होते ती अपघाताच्या दिवशी, निकालाच्या दिवशी नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये हे सांगितलं आणि २०१२ मध्ये पुन्हा ठामपणे सांगितलं. म्हणून व्याज अपघातापासूनचं मागायचं. दुसरं, विमा असेल तर मूळ रक्कम आणि व्याज विमा कंपनी देते, दंड मात्र मालकाच्याच खिशातून जातो. ठेकेदाराला नोटिशीत हे वाक्य ठळक लिहिलं की पुष्कळदा तो स्वतःच विमा कंपनीकडे धावतो.

मळेकरी

सगळं खरं असेल, पण मी उलट बाजू मांडतो. कोर्टात तारखा पडतात. घरात आज चूल पेटायला पैसा नाही. दोन लाख हातात आले तर निदान वर्ष निघेल. कायदा सांगणारे आपण घरी बसून लिहितोय, त्या वहिनीला किराणा आज भरायचाय. वकीलही टक्केवारी मागतात. मिळतंय ते घ्यावं असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

तळटीप

मळेकरी, तुम्ही म्हणता ती अडचण खोटी नाही. अशा घरांत मी बसलो आहे, म्हणून तिला हलकं लेखत नाही. पण घेणं आणि सोडणं यात फरक आहे. दोन लाख जरूर घ्या! पावती लिहून द्या की 'भरपाईपोटी अंशतः रक्कम मिळाली, हक्क राखून.' ती रक्कम अंतिम आकड्यातून वजा होईल, हक्क शाबूत राहील. ठेकेदार अशा पावतीवर पैसे द्यायला तयार नसेल तर त्याला मदत करायची नव्हती, सही विकत घ्यायची होती, हे उघड होईल.

दुसरं, तो घरी बसून आहे त्या काळासाठी तात्पुरत्या अपंगत्वाचं पाक्षिक देणं असतं, वेतनाच्या २५ टक्के दर पंधरवड्याला. १५,००० वर ३,७५० होतात. पुढे ठोक रकमेत ते वळतं होतं, पण आज घर चालवायला आधार होतो. ते मागायचं कुणालाच सुचत नाही.

टक्केवारीचं म्हणाल तर भरपाईत हिस्सा ठरवून वकिली करणं वकिलांना त्यांच्या नियमांनीच मना आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. औद्योगिक कामगार, अपंग व्यक्ती आणि स्त्रिया यांना तिथे मोफत वकील मिळतो आणि या गटांना उत्पन्नाची अट नाही. हेल्पलाइन १५१००.

मळेकरी

'हक्क राखून' पावतीचं माहीत नव्हतं. हे पटलं. माझा आक्षेप मागे घेतो.

हाडवैद्य

मी अस्थिरोगतज्ज्ञ आहे. ४० टक्क्यांचा दाखला हा या धाग्याचा गाभा आहे असं मला वाटतं, म्हणून थोडं खोलात जातो.

जिल्हा रुग्णालयाचा दाखला शरीराचं किती नुकसान झालं ते सांगतो. सांधा किती अंश वाकतो, स्नायूंत किती ताकद, असं मोजून ठरलेल्या तक्त्यावरून टक्केवारी येते. बँकेतला कारकून असो की सेंट्रिंगचा सुतार, तीच दुखापत झाली तर दोघांना तोच आकडा. भरपाईच्या कायद्यात जे मोजायचं ते वेगळं: या माणसाची कमाईची ताकद किती गेली.

टाचेचं उदाहरण घ्या. घोट्याखाली एक सांधा असतो, पाऊल आत-बाहेर कलतं ते त्याच्यामुळे. टाचेच्या हाडाचा चुरा झाला की तो सांधा बहुधा आखडतो. सपाट फरशीवर माणूस ठीक चालतो, तपासणीच्या खोलीतही बरा दिसतो. पण सळयांच्या जाळीवर, तिरक्या फळीवर, शिडीच्या गोल पायरीवर पाऊल जमिनीप्रमाणे कललं पाहिजे, ते कलत नाही. त्यात मणक्यात स्क्रू, म्हणजे वाकून प्लेट उचलणं गेलं. सेंट्रिंगच्या कामात मग उरलं काय? उंचावर चढणं नाही, वजन नाही, उकिडवं नाही, सलग उभं राहणं नाही. कागदावर ४० टक्के असलेला हा माणूस त्याच्या धंद्यासाठी जवळजवळ पूर्ण बाद झालेला असू शकतो. तपासल्याशिवाय मी आकडा सांगणार नाही, पण प्रश्न याच अंगाने विचारला पाहिजे.

पहिल्या अनुसूचीत काही दुखापतींचे टक्के ठरलेले आहेत: अंगठा गेला तर ३०, एका हाताची चारही बोटं गेली तर ५०, असे. मणका आणि टाचेचं फ्रॅक्चर त्या यादीत नाही. यादीबाहेरच्या दुखापतीला पात्र डॉक्टरने कमाईच्या क्षमतेचं मूल्यमापन करायचं असतं. तर ऑपरेशन केलेल्या सर्जनकडे जाऊन स्वतंत्र अहवाल मागा. त्यात त्याचा धंदा, त्या धंद्यात लागणाऱ्या हालचाली आणि त्यातल्या कोणत्या आता होत नाहीत, हे सगळं लिहून घ्या. डॉक्टरला साक्षीला यावं लागेल हेही आधी सांगा. पुष्कळ डॉक्टर कोर्टाला कंटाळतात, नुसता दाखला देतात आणि पुढे तो कमी पडतो. येणारा डॉक्टर शोधा.

तळटीप

डॉक्टर, फार मोलाचं लिहिलंत. यालाच जोडून १९७६ च्या त्या निकालाचं सांगतो. तो खटला सुताराचाच होता. एका थिएटरमध्ये सजावटीचं काम करताना तो पडला, डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला. मालकाचं म्हणणं, एक हात गेला म्हणजे अंशतः अपंगत्व. न्यायालयाने म्हटलं, सुतारकाम एका हाताने होत नाही, म्हणून या माणसापुरतं ते पूर्ण अपंगत्व. पन्नास वर्षं झाली, आजही आम्ही तोच निकाल घेऊन उभे राहतो. म्हणजे आपण आकडा १७ लाखांचा मागायचा, सातचा नव्हे. किती मंजूर होईल ते पुराव्यावर.

गवंडीपुत्र

बेल्टचं कुणी सांगेल का? माझ्या वडिलांच्या वेळीही हेच ऐकलं होतं, 'तुझीच चूक'. तेव्हा आम्ही गप्प बसलो.

तळटीप

या कायद्यात मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही आणि मजुराचा निष्काळजीपणा हे मालकाला उत्तर नाही. अपवाद मोजके आहेत: नशेत असणं, सुरक्षेचा स्पष्ट हुकूम जाणूनबुजून मोडणं, सुरक्षेचं साधन मुद्दाम काढून टाकणं, आणि अपघात थेट त्यामुळेच झालेला असणं. हे सगळं मालकाने सिद्ध करायचं. मृत्यू झाला किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर हे अपवाददेखील चालत नाहीत.

इथे तर फळी निसटली. बेल्ट अडकवायला वर लाइफलाइन होती का, हा पहिला प्रश्न. नुसता बेल्ट कमरेला बांधून, अडकवायला काहीच नसेल, तर तो असून नसल्यासारखा.

ओळंबा

लाइफलाइन बहुतेक साइटवर नसतेच, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. माणसं बेल्टचा हूक परांचीच्याच पाइपला अडकवतात. परांची गेली की माणूस तिच्याबरोबर जातो.

अबोली

मी इथे वाचत असते, लिहिलं कधी नाही. माझे मिस्टर ऑगस्ट २०२४ मध्ये स्लॅब कोसळून गेले. वय ३० होतं. ठेकेदाराने दीड लाख माझ्या सासऱ्यांच्या हातात दिले आणि माझी सही घेतली. दोन मुलं आहेत, लहान. आता काही करता येतं का? सासरे म्हणतात मिटलंय सगळं, आता उकरू नको.

तळटीप

ताई, वाईट वाटलं वाचून. पण मिटलेलं नाही. मृत्यूची भरपाई आयुक्तांकडे जमा करावी लागते, कलम ८. परस्पर दिलेले पैसे कायद्याने भरपाई दिली असं धरत नाहीत. अवलंबितांना आगाऊ दिलेली रक्कम वजा होते, तीही तुमच्या मिस्टरांच्या तीन महिन्यांच्या मजुरीपर्यंतच. मजुरी १५,००० किंवा जास्त असेल तर वय ३० ला रक्कम १५,५९,८५० होते, व्याज वेगळं. वाटणी आयुक्त करतात. विधवा पत्नी आणि अज्ञान मुलं थेट अवलंबित आहेत, मुलांचा हिस्सा त्यांच्या नावाने ठेवता येतो. वडील त्यांच्या कमाईवर अवलंबून असतील तरच त्यांचा विचार होतो.

मात्र मुदत दोन वर्षांची आहे, ऑगस्ट २०२६ ला संपते. नंतरही सबळ कारण दाखवून विलंब माफ करून घेता येतो, पण ती वेळ येऊ देऊ नका. याच आठवड्यात विधी सेवा प्राधिकरणात जा. मृत्यूचा दाखला, शवविच्छेदन अहवाल, पंचनामा, मुलांचे जन्मदाखले एवढं घेऊन.

कोरडवाहू

अबोलीताई, त्यांची बांधकाम कामगार मंडळात नोंदणी होती का? महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळ. नोंदणी चालू असताना कामावर मृत्यू झाला तर वारसाला ५ लाख आहेत, शिवाय विधवा पत्नीला वर्षाला २४ हजार पाच वर्षं. घरात पिवळी-पांढरी कार्डं, पावत्या असतील त्या शोधा. हा पैसा बांधकामाच्या खर्चावर घेतलेल्या १ टक्का उपकरातून येतो, ठेकेदाराच्या देण्याशी त्याचा संबंध नाही. दोन्ही मिळू शकतात.

नदीकाठ, अपंगत्वाचे २ लाख मात्र ७५ टक्के किंवा जास्त असेल तरच, म्हणून भावाला ते बसणार नाहीत. तरी नोंदणी असेल तर मुलांच्या शिष्यवृत्तीचं विचारा.

अबोली

कार्ड आहे. नूतनीकरण केलं होतं का ते बघते. दादा, तुम्हा सगळ्यांचे उपकार.

पायरी

मध्येच विचारते. मी घरावर एक मजला चढवतेय, ठेकेदार लावलाय. उद्या काही झालं तर जबाबदारी माझी?

तळटीप

कलम १२ धंद्यासाठी काम करून घेणाऱ्यावर आहे. स्वतःचं राहतं घर ठेकेदाराकडून बांधून घेणारा सहसा त्यात येत नाही, जबाबदारी ठेकेदाराची. पण मजूर तुम्ही स्वतः लावले, हजेरी तुम्ही देता, तर मालक तुम्हीच. कसंही असो, काम सुरू व्हायच्या आधी ठेकेदाराकडून मजुरांच्या विम्याची प्रत मागून घ्या.

हिशेबनीस

एक राहिलं. ज्यांचा ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, पगारातून कापला जातो त्यांना या कायद्याखाली दावा करता येत नाही, त्यांना ईएसआयकडूनच लाभ मिळतो. वेतनमर्यादा २१,००० आहे. नदीकाठ यांच्या भावाचा कापला जात नव्हता असं दिसतं, पण अर्जाआधी खात्री करा. आणि साइटवर डंपर किंवा तसल्या वाहनाने अपघात झाला असेल तर मोटार अपघात न्यायाधिकरणाचा पर्यायही असतो, तिथे १५,००० ची मर्यादा नाही. दोन्हींतलं एकच निवडायचं असतं.

नदीकाठ

थोडी प्रगती कळवतो. विधी सेवा प्राधिकरणाने वकील दिल्या. बिल्डर आणि ठेकेदार दोघांना पोचपावतीसह नोटीस गेली. मुकादमाचा लगेच फोन आला, दोनाचे चार लाख झाले. भाऊ म्हणाला, पावतीवर 'हक्क राखून' लिहून घेतो, द्या. फोन ठेवून दिला. सर्जन अहवाल द्यायला तयार आहेत, साक्षीलाही येतो म्हणाले.

दोन शंका. साइट दुसऱ्या जिल्ह्यात आहे, दर तारखेला भावाला तिकडे न्यायचं कसं? आणि परांचीवर सोबत असलेल्या सुताराचा पत्ता मिळाला, पण तो अजून त्याच ठेकेदाराकडे कामाला आहे. खरं सांगेन म्हणतो, पण काम जाईल म्हणून घाबरतो.

तळटीप

अर्ज तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही करता येतो, कलम २१ मध्ये तशी सोय आहे. कामगार न्यायालय की दिवाणी न्यायाधीश वरिष्ठ स्तर, तिथे अधिकार कुणाला आहेत ते तुमच्या वकील सांगतील.

त्या सुतारावर आज दबाव आणू नका, त्याचंही पोट आहे. पंचनाम्यात किंवा पोलीस जबाबात त्याचं नाव असेल तर पुढे न्यायालयाचं समन्स निघेल, मग 'मी स्वतःहून गेलो नाही' असं त्याला ठेकेदाराला सांगता येईल. तोवर ओळंबा यांनी सांगितलेली रजिस्टरं मागवायचा अर्ज पहिल्याच तारखेला द्या, म्हणजे सगळा भार त्या एका साक्षीवर राहणार नाही. अर्जाचा मसुदा झाला की नावं-पत्ते झाकून इथे टाका, वकीलबाईंची हरकत नसेल तर मी नजर टाकतो.

ओळंबा

रजिस्टरांची नेमकी नावं मला व्यक्तिगत निरोपात विचारा, साइटवर ज्या नावाने वही ओळखतात तेच नाव अर्जात लिहून देतो. नाहीतर 'असं रजिस्टर आमच्याकडे नाही' म्हणून मोकळे होतात.